पाणी सोडणारी माती

निव्वळ काळ्या मातीचं मडकं होत नाही. नागपूरच्या पश्चिमेला कळमेश्वर, काटोल, नरखेड या बाजूला जी माती संत्र्याच्या बागा आणि कपाशीची वावरं पोसते, ती चाकावर घातली तर सुरुवातीला मोठी गुणी वाटते. मऊ असते, बोटांना धरून राहते, म्हणाल तशी वळते. भांडं उभंही राहतं. ते सावलीत ठेवलं की मातीचा स्वभाव कळतो. काठावर बारीक रेघ उमटते, ती खाली उतरते आणि पुरतं सुकायच्या आत भांड्याच्या पोटावर भेग पडलेली असते. आव्यापर्यंत जायची वेळच येत नाही.

हीच माती मे महिन्यात वावरात काय करते ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस आला की पाणी पिऊन ती फुगते आणि भेगा मिटतात. या फुगण्या-आकसण्यापायी नागपुरातल्या कितीतरी घरांच्या भिंतींना तडे जातात. पाया खणताना काळी माती उपसून मुरूम भरायचा, हे इथल्या मिस्त्रींना कोणी शिकवावं लागत नाही. शेतकऱ्याला मात्र तिचा हाच गुण हवा असतो. पावसाळा सरल्यावर हरभरा आणि ज्वारी तिच्या पोटातल्या ओलीवर येतात. पाणी धरून ठेवण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. मडक्याला एवढं पुरत नाही. मडक्याच्या मातीला पाणी सोडताही यावं लागतं.

कुंभारकामावरच्या पुस्तकांत चांगल्या मातीचे गुण ओळीने दिलेले असतात. ती हवी तशी वळावी, वळल्यावर आकार टिकवावा, सुकताना बेताने आकसावी, भाजताना फुटू नये, भाजल्यावर पक्की व्हावी. हे सगळे गुण मला एकाच गोष्टीची निरनिराळी रूपं वाटतात. मातीचा पाण्याशी व्यवहार कसा आहे, किती घेते, किती वेळ धरते, कोणत्या वाटेने सोडते, यावर भांड्याचं सारं आयुष्य ठरतं. आणि हा व्यवहार पाहायला नागपूरसारखं गाव नाही, कारण इथे शहराच्या पायाखालीच जमीन बदलते.

सीताबर्डीची टेकडी बसाल्टची आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे जे थर दख्खनवर पसरले त्यांची पूर्वेकडची कड साधारण नागपूरपाशी येऊन संपते. पश्चिमेला काळा खडक आणि त्याची काळी माती. पूर्वेला, भंडाऱ्याच्या वाटेला, त्याहून कितीतरी जुने खडक, त्यांत चमचमणारं अभ्रक. उत्तरेला कामठीकडे वालुकाश्म. आणि या सगळ्यांवरून वाहत आलेला कन्हान-वैनगंगेचा गाळ. पश्चिमेला कापूस आणि संत्री, पूर्वेला धान आणि तळी. माणसांचं जेवण बदलतं तशी कुंभाराची मातीही बदलते.

या जमिनीचा पहिला मोठा अभ्यासक एक स्कॉटिश मिशनरी होता. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले. टाकळीच्या परिसरात लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या खडकांतले जीवाश्म त्यांनी गोळा केले, आणि रॉबर्ट हंटर यांच्यासोबत नागपूर परिसराच्या भूगर्भावर लिहिलेला त्यांचा निबंध 1855 मध्ये लंडनमध्ये छापून आला. 4 सप्टेंबर 1863 रोजी ते टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतत होते. वाटेतल्या नाल्याला पाणी चढलं होतं, त्यात ते बुडाले. त्यांच्या नावाचं कॉलेज नागपूरकरांना ठाऊक आहे. ते ज्या वर्तुळांसाठी गेले होते त्यांच्या पोटात मडकी होती, हे तितकंसं ठाऊक नाही. त्या मडक्यांकडे पुढे यायचंच आहे.

काळी माती इतकी पाणीवेडी का झाली, याचंही कारण पाण्यातच आहे. बसाल्ट कोकणातही आहे. तिथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, बरीचशी सिलिकाही धुऊन समुद्राला मिळते. मागे उरतो तांबडा जांभा आणि केओलिनाइट नावाचं साधं, शांत खनिज. नागपूरला पाऊस हजार-अकराशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत, मग आठ महिने कोरडे. त्यामुळे खडकातला ऐवज जागच्या जागी राहतो आणि त्यातून स्मेक्टाइट जातीची खनिजं घडतात. खडक एक, पाऊस निराळा, माती निराळी.

या दोन्ही खनिजांच्या कणांचा आकार चपटा, पापुद्र्यांचा. मातीतला खरा चिकण अंश म्हणजे 0.002 मिलिमीटरहून बारीक कण. केओलिनाइटचे पापुद्रे एकमेकांना घट्ट धरून असतात, पाणी फक्त बाहेरून लागतं; एका ग्रॅमच्या कणांचा एकूण पृष्ठभाग दहा-वीस चौरस मीटर. स्मेक्टाइटचे पापुद्रे सैल असतात, पाणी थेट दोन पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि त्यांना दूर सारतं. तिथे एका ग्रॅमचा पृष्ठभाग सातशे-आठशे चौरस मीटरपर्यंत जातो. आपल्या अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो आहे. काळ्या मातीवरचं फार मोठं काम तिथल्या संशोधकांनी केलं आहे. त्यांच्या भाषेत ज्याला फुगणाऱ्या-आकसणाऱ्या जमिनी म्हणतात, त्यांचं सगळं गणित या सातशे चौरस मीटरांत आहे. एवढ्या पृष्ठभागावरचं पाणी जेव्हा उडून जातं तेव्हा कण एकमेकांकडे सरकतात, आणि ते सरकणं भांड्याच्या भिंतीला झेपत नाही.

मग पाणी मुळात हवंच कशाला? कारण पाण्यावाचून माती वळत नाही. पापुद्र्यांमध्ये पाण्याचा पातळ थर असला की ते एकमेकांवरून घसरतात, आणि हात काढला की तोच थर त्यांना धरूनही ठेवतो. नागपुरात लांब पोळी करणाऱ्या बायका आपण पाहतो. सैल कणीक मनगटापासून कोपरापर्यंत झुलवत नेतात आणि चुलीवर उपड्या घातलेल्या मडक्यावर अलगद पसरतात. ती कणीक ताणली की मागे ओढ घेते, म्हणून तिला थांबू न देता सतत खेळवत राहावं लागतं. माती ओढ घेत नाही. जिथे ढकलली तिथे राहते. कुंभाराची सगळी कला या राहण्यावर उभी आहे. थोडं पाणी कमी पडलं तर माती चिरते, थोडं जास्त झालं तर आपल्याच वजनाने खाली बसते. या दोन टोकांमधली जागा ज्या मातीत रुंद असते ती चाकाची माती.

शहरातल्या एका कुंभारवस्तीत मी हे विचारायला गेले तेव्हा तिथल्या काकांनी दोन वाक्यांत विषय संपवला. "नुसती चिकणी घेतली तं तडकते, बाई. नुसती रेताड घेतली तं बसते." मग त्यांनी समोरचा ढीग दाखवला. तळ्याची माती, तिच्यात चाळलेली रेती, राख, आणि गाढवाची वाळलेली लीद. दुसऱ्या कोपऱ्यात धानाचा कोंडा होता.

या ढिगातली एकही वस्तू भरताड म्हणून पडलेली नसते. रेतीचा कण पाणी पीत नाही, म्हणून आकसतही नाही. मातीचे पापुद्रे त्याच्याभोवती आकसतात तेव्हा तो जागा धरून ठेवतो, आणि त्याच्या कडेकडेने आतलं पाणी बाहेर यायला वाट सापडते. राखेचं काम थोडंफार तेच. लिदीतले बारीक तंतू ओल्या भिंतीला सावरतात, आणि आव्यात जळून गेले की मागे पोकळ्या ठेवतात. त्या पोकळ्यांची किंमत उन्हाळ्यात कळते. चांगल्या मातीत मुद्दाम अशा वस्तू घालून तिची पाणी धरण्याची ताकद कमी करायची, हे बाहेरच्या माणसाला उलटं वाटेल. मला त्यात कुंभाराची सगळ्यात मोठी समज दिसते. मडक्याची माती निसर्गात क्वचितच तयार मिळते. ती जुळवावी लागते. इथल्या वीटभट्ट्यांत कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांची राख मिसळली जाते, तीही काळ्या मातीचा तडकण्याचा स्वभाव मोडते. राख बदलली, युक्ती जुनीच.

मग माती भिजत पडते. घाई असलेला कुंभारही तिला एका रात्रीत चाकावर घेत नाही. पाणी प्रत्येक कणापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि ओली माती झाकून ठेवली की तिच्यातले जीवजंतूही आपलं काम करतात. जितकी मुरते तितकी ती हाताला वश होते. त्यानंतर तुडवणं. तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट महाराष्ट्रात प्रत्येक घरात सांगितली जाते. विठ्ठलाच्या नामात हरवून माती तुडवताना पायाखाली आपलं मूल आलं तरी त्यांना कळलं नाही, ही ती कथा. लहानपणी मी ती ऐकून रडले होते. आज तिच्यात मला आणखी एक गोष्ट दिसते. तुडवणं हे इतकं लांबलचक, इतकं एकसुरी काम आहे की माणसाचं भान हरपावं, हे ज्यांनी ही कथा सांगितली त्यांना नीट माहीत होतं. पायांना ओल सारखी पसरल्याचं कळेपर्यंत ते चालतं. अडकलेली हवा निघते, गुठळ्या मोडतात, आणि खडा लागला तर तळव्याला आधी समजतं.

खड्यांतला एक फार वाईट असतो. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडीचे पांढरट खडे सर्रास सापडतात. त्यातला एखादा मुगाएवढा दाणा मातीत राहून गेला तर चाकावर काही बिघडत नाही, सुकताना काही बिघडत नाही, आव्यातूनही मडकं धडधाकट बाहेर येतं. पण आव्याच्या आचेने त्या खड्याचा कळीचा चुना झालेला असतो. मग तो हवेतली ओल आणि माठातलं पाणी पिऊ लागतो, फुगतो, आणि काही दिवसांनी मडक्याच्या अंगाची खपली उडते. मध्यभागी पांढरा ठिपका दिसतो. गिऱ्हाईक म्हणतं, कुंभाराने कच्चं मडकं दिलं. मडकं पक्कं असतं, त्याच्या भिंतीत एक तहानलेला खडा राहिलेला असतो. माती चाळण्याचा कंटाळा कुंभार का करत नाही, ते या एका ठिपक्यावरून समजावं.

चाकावरचं काम पाहायला गर्दी होते, पण मोठा माठ चाकावर पुरा होत नाही. चाकावर होतो तो जाड भिंतीचा, लहान घेराचा, पुष्कळदा बुडाविना असलेला आकार. तो थोडा सुकू देतात, इतका की बोट लावलं तर ठसा उमटू नये पण जोर दिला तर भिंत सरकावी. मग आतून दगडाचा गुळगुळीत गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत जायचं. ठोक्यागणिक भिंत पातळ होते, पोट फुगतं, बूड मिटतं. मातीतलं पाणी या घडीला नेमकं किती आहे यावर सगळं अवलंबून. तास-दोन तास उशीर झाला तर तीच माती थापटण्याखाली फुटते. मे महिन्याच्या नागपुरात ही वेळ फार लवकर टळते, म्हणून ओली फडकी घालून तिला लांबवत राहतात. हे पाहताना मला घड्याळ हे मोठं ओबडधोबड यंत्र वाटलं. काका भांड्याला तळवा लावत आणि पुढे जात, पुन्हा फिरून येत, पुन्हा तळवा लावत.

सुकणं सावलीत, आणि सावकाश. काठ पातळ असतो, त्याला वारा दोन्ही बाजूंनी लागतो, म्हणून तो आधी सुकून आकसतो. बूड अजून ओलं, जागचं हलायला तयार नाही. या ओढाताणीत भेग पडते. जुळवलेली माती सुकताना लांबीत साधारण शेकडा पाच ते आठ आकसते, आणि सगळीकडून सारखी आकसली तर तेवढं भांड्याला सोसतं. नुसत्या काळ्या मातीचं आकसणं याच्या पुढे जातं, आणि तिचे बारीक कण पाण्याला बाहेर यायची वाटही देत नाहीत. ती वरून सुकते, आतून ओली राहते.

एवढं करूनही सुकलेलं मडकं पाण्यात टाकलं तर विरघळून पुन्हा चिखल होईल. अजून त्याला परतीची वाट मोकळी आहे. ती बंद होते आव्यात.

आवा लावताना मडकी रचतात, मधे गोवऱ्या, तणस, लाकूड, वरून राख-मातीचा लेप. सुरुवातीला नुसता धूर. हा धूर महत्त्वाचा आहे. मातीत हवेची म्हणून जी ओल उरलेली असते ती शंभर अंशांपाशी वाफ होऊ लागते. आच एकदम चढली तर वाफेला बाहेर यायला फुरसत मिळत नाही आणि मडकं आवाज करून फुटतं. त्यानंतरचं पाणी डोळ्यांना कधीच न दिसलेलं. ते मातीच्या रेणूंतच बांधलेलं असतं. शुद्ध केओलिनाइटच्या वजनात शेकडा चौदा भाग हे बांधलेलं पाणी असतं. साडेचारशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान तेही निघून जातं, आणि मातीची जातच बदलते. याच्या पुढे तिला किती भिजवा, कितीही तुडवा, ती चिखल व्हायची नाही. मधेच 573 अंशांना रेतीतल्या गारगोटीचे कण एका झटक्यात फुगतात, आणि थंड होताना तसेच आकसतात. म्हणून आवा विझला तरी कुंभार तो लगेच उघडत नाही. गावच्या आव्यांची आच बहुधा सातशे-आठशे अंशांत फिरते, कधी नऊशेपर्यंत जाते. या आचेत कण टोकाटोकाला चिकटतात, पण वितळून एकजीव होत नाहीत.

इथे ती शिळावर्तुळांतली मडकी आठवतात. काटोल रस्त्यावर जुनापाणीला अशी दगडांची वर्तुळं शेकड्यांनी आहेत; ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे खणून पाहिलं. पुढे टाकळघाट-खापा, माहूरझरी, नैकुंड इथे शां. भा. देव आणि इतरांनी शास्त्रशुद्ध उत्खननं केली. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची लोखंड वापरणारी ती माणसं मृतांसोबत भांडी पुरत. त्यांतली पुष्कळ काळी-तांबडी आहेत, काठ आणि आतली बाजू काळी, बाहेरचं अंग तांबडं. रंग दोन असले तरी माती एकच. ज्या भागाला आव्यात वारा मिळाला तिथल्या लोहाचं तांबडं ऑक्साइड झालं, आणि भांडं उपडं रचल्यामुळे जिथे वारा पोचला नाही तिथे धूर आणि कोळसा मुरला. कुठे हवा जाऊ द्यायची आणि कुठे नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. विदर्भातल्या या उत्खननांत आणखी एक जात नोंदलेली आहे, अभ्रकाचे कण चमकणारी तांबडी भांडी. बसाल्टात असं अभ्रक नसतं. म्हणजे ती माती किंवा ती रेती दुसऱ्या खडकांच्या मुलखातून आलेली, नदीने आणलेली किंवा माणसाने. काळ्या मातीच्या कडेवर राहणाऱ्या त्या कुंभारांनाही आपली माती जुळवून घ्यावी लागली होती, असं मला त्या चमकत्या कणांवरून वाटतं.

आव्यातून निघालेलं मडकं वाजवून घेतात. भेग असेल तर आवाज बद्द येतो, नसेल तर खणखणीत. भिंतीतून नाद अखंड फिरला की नाही एवढंच त्यात असतं. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारून पक्कं कोण आणि कच्चं कोण ते सांगितलं आणि नामदेव कच्चे निघाले, ही कथा एका कुंभाराचीच असू शकते. तिला हातातल्या कामाचा वास आहे.

आणि आता उन्हाळा. 23 मे 2013 रोजी नागपुरात 47.9 अंश तापमान नोंदलं गेलं. नवतपा म्हटलं की इथे कूलरच्या टाक्या आणि माठ, दोन्हींची काळजी घराघरांत सुरू होते. अक्षय्य तृतीयेला पितरांसाठी घागर भरतात आणि त्याच सुमारास नवे माठ घरात येतात. माठ विकणाऱ्या एका मावशींना मी विचारलं, हा पाझरतो का. त्या म्हणाल्या, "पाझरत नसन तं पाणी गार कसं होईन, ताई?"

याहून नेमकं उत्तर कोणत्या पुस्तकात असेल असं वाटत नाही. आव्यात कण वितळले नाहीत म्हणून उरलेल्या सूक्ष्म वाटा, लीद आणि कोंडा जळून झालेल्या पोकळ्या, यांतून पाणी झिरपत बाहेरच्या अंगावर येतं आणि कोरड्या हवेत उडून जातं. जाताना एकेक ग्रॅम पाणी सुमारे 580 कॅलरी उष्णता घेऊन जातं. म्हणजे एक ग्रॅम उडालं की आतलं 58 ग्रॅम पाणी दहा अंशांनी उतरू शकतं. बाहेर 45 अंश आणि हवेत आर्द्रता शेकडा पंधरा असेल, तर अशा थंडाव्याची शेवटची पायरी 24 अंशांच्या आसपास येते. माठ तिथवर पुरता पोचत नाही, पण तिकडेच निघालेला असतो. मृगाचा पाऊस पडून हवा ओली झाली की त्याचं गार करणं मंदावतं. माठ तोच असतो, हवेला आणखी पाणी नको असतं.

भांडं जास्त भाजलं असतं तर? चिनी मातीची भांडी बाराशे अंशांच्या वर भाजतात, कण वितळून एकजीव होतात, वाटा बुजतात. ती भांडी सुंदर असतात, पाणी धरतात, टिकतात. त्यांत पाणी गार होत नाही. हल्ली बाजारात चकचकीत रंग लावलेले माठ येतात. तेलाच्या रंगाने नेमक्या या वाटाच बुजतात, आणि माणूस वर म्हणतो की माठात पूर्वीसारखं पाणी गार होत नाही. माझं सांगणं एवढंच की माठ घ्यायचा तर उघड्या अंगाचा घ्या. चुलीवरच्या भांड्यालाही या पोकळ्या उपयोगी पडतात. लांब पोळीचं ते उपडं मडकं खालून जाळात आणि वरून ओल्या कणकेखाली असतं. एका अंगाने फुगतं, दुसऱ्या अंगाने आकसतं. पक्क्या भाजलेल्या, काचेसारख्या भिंतीत एकदा भेग सुरू झाली की ती आरपार जाते; या भरड भिंतीत ती पहिल्या पोकळीपाशी किंवा रेतीच्या कणापाशीच थबकते.

न भाजलेल्या मातीचीही या शहरात मोठी परंपरा आहे. महालाजवळच्या चितार ओळीत गणपतीच्या मूर्ती घडतात, तेव्हा तिथल्या मातीला आव्यात जायचंच नसतं. तिने दहा दिवस उभं राहायचं आणि मग पाण्यात उतरल्यावर विरघळायचं. म्हणून तिथे बारीक, चिकण, शक्य तितकी निर्मळ माती लागते, रेती जवळजवळ नको. आकसण्याचा धोका तण आणि कापूस घालून, थर देत देत सांभाळतात. आश्विनातल्या भुलाबाई-भुलोजीही अशाच. माझ्या लहानपणी कोजागिरीनंतर भुलाबाईचं विसर्जन झालं की मी पाण्यात वाकून पाहत असे. रंग आधी सुटायचा, मग चेहरा, मग हात. बांधलेलं पाणी तिच्यात तसंच होतं, म्हणून तिला परत जाता आलं.

पूर्व विदर्भातल्या कुंभाराची माती येते तळ्यांतून. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरच्या पूर्वभागात माजी मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत, आपण त्यांना मामा तलाव म्हणतो. धानाला पाणी मिळावं म्हणून ते बांधले, आणि शतकांच्या पावसाळ्यांत त्यांनी आणखी एक काम केलं. तळ्यात पाणी शिरतं तिथे त्याचा वेग मोडतो आणि जाड रेती आधी खाली बसते. पुढे बारीक रेती. सगळ्यात बारीक कण तरंगत तरंगत पाळीजवळच्या शांत पाण्यापर्यंत जातात आणि तिथे सावकाश खाली बसतात. कुंभार चाळणीने आणि हौदाने जे करतो ते तळ्याने आधीच केलेलं असतं. कोणत्या कोपऱ्यातली माती माठाला, कोणती चुलीच्या भांड्याला, कोणती पणतीला, आणि किती हात खाली गेल्यावर ती लागते, हे गावच्या कुंभाराला ठाऊक असतं.

2017 पासून राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे. तळ्यांचा गाळ निघून वावरात पडतो, तळ्यात पाणी जास्त राहतं, शेतकऱ्याचंही भलं होतं. गाळ काढलाच पाहिजे. पण पोकलेन तळ्यात उतरला की रेताड टोक आणि पाळीजवळची चिकण माती एका दिवसात एकाच ढिगात जातात, आणि तो ढीग वावराला चालला तरी चाकाला चालत नाही. मला एवढंच हवं आहे की यंत्र उतरण्याआधी गावच्या कुंभाराला तळ्यात न्यावं, त्याने दाखवलेल्या जागी चार खुंट्या ठोकाव्यात, तेवढी माती वेगळी काढून त्याच्या दारात टाकावी, आणि ती जागा तलाठ्याच्या नकाशावर लिहून ठेवावी. ज्या शहरात देशभरच्या जमिनींचे नकाशे होतात तिथून हे काम सुरू झालं तर अवघड नाही. जमिनीत कोणतं पीक येईल हे आपण गावोगाव लिहिलं आहे. त्याच्या शेजारच्या रकान्यात, इथे माठाची माती मिळते, असंही लिहिता येईल.